वंशावळीची अमेरिकेतली फांदी

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी (मेघे)सारख्या गावात वंशावळ ही आता घरोघरी लागणारी वस्तू आहे. मुलाचा प्रवेश असो, नोकरी असो की निवडणुकीचा अर्ज, जात पडताळणी समितीपुढे वंशावळ शपथपत्रावर मांडावी लागते. खापरपणजोबापासून अर्जदारापर्यंत नावे उतरवायची आणि नात्यागणिक कागद जोडायचा. प्रवर्गाप्रमाणे १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. म्हणून माणसे जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधतात, तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल पंजीची नक्कल काढतात, अधिकार अभिलेखाचा उतारा मिळवतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर मोडीतली दप्तरेही बाहेर निघाली. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही, बापाचे नाव आणि गाव जुळले पाहिजे, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला आज कोणी शिकवावे लागत नाही.

हीच शिस्त लावून एक प्रश्न सोडवून पाहावासा वाटतो. अमेरिकेत अगदी आरंभी गेलेल्या मराठी माणसांची वंशावळ उभी करता येते का? युरोपातून तिकडे गेलेल्या घराण्यांनी आपले मूळपुरुष, त्यांची जहाजे आणि त्यांची गावे शंभर-दीडशे वर्षे चिकाटीने शोधली. युटामधली वंशशास्त्र संस्था १८९४ पासून हेच काम करते आहे. मराठी माणसाच्या बाबतीत असा शोध क्वचित झाला. वर्धेकरांना तर हा प्रश्न घरचा आहे, कारण त्या पहिल्या पिढीतले एक ठळक नाव वर्ध्याचे आहे : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

या शोधात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, आणि तीच या लेखाचा गाभा आहे. आरंभीच्या मराठी माणसांविषयी अमेरिकेत जे कागद उरले आहेत, त्यांतले बरेचसे चौकशीचे आहेत : बंदरावरची चौकशी, न्यायालयातली चौकशी, गुप्तचरांची चौकशी. आणि जे कायदे या चौकशा घडवत होते, तेच या माणसांना तिथे घर मांडू देत नव्हते. तेव्हा ही वंशावळ मांडताना सापडलेली नावे जितकी महत्त्वाची, तितकीच तिथे न फुटलेल्या फांद्यांची कारणेही महत्त्वाची.

आधी घरचे कागद पाहू. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. पहिले मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. म्हणजे शहराचा १८६६ च्या आधीचा पुरावा 'वर्धा' या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागायचे नाही. तो पालकवाडीच्या नावाने शोधायला हवा, आणि १८६२ च्या आधीचा असेल तर नागपूर जिल्ह्याच्या दप्तरात. प्रांताचे नावही बदलत गेले. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. मुंबई इलाख्यात रयतवारी, इकडे मालगुजारी. त्यामुळे जमिनीच्या कागदांची रचना पुण्या-साताऱ्याकडच्या कागदांहून निराळी. गावात जन्म-मृत्यू कोतवालाने सांगायचे आणि त्यावरून नोंद व्हायची. म्हणून त्या पंजीत आडनाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात आणि गाव एवढ्यावरच माणूस ओळखावा लागतो. त्यात एकाच नावाची अनेक गावे. पिपरी नावाची गावे विदर्भात जागोजाग आहेत. 'मेघे' हे शेपूट गळाले की कागदावरची पिपरी कुठल्याही तालुक्यात नेऊन ठेवता येते. या पट्ट्यात सिंदी, सावंगी, बोरगाव या गावांनाही हेच शेपूट आहे, आणि तेच त्यांना आपल्या नावाच्या इतर गावांपासून वेगळे ठेवते.

जोडीला क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्या आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया इथे यात्रेकरूचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुले आणि गाव यांची नोंद होते आणि पुढच्या पिढीतला माणूस आला की ती पुढे चालवली जाते. परदेशी गेलेला माणूस स्वतः तिथे गेला नसला, तरी घरचा कोणी श्राद्धाला गेला की त्याने सांगितलेल्या भावंडांत त्याचे नाव येऊ शकते.

आता अमेरिकेकडचे कागद. १८१९ च्या कायद्याने १८२० पासून जहाजाच्या कप्तानाला उतारूंची यादी द्यावी लागे. सुरुवातीच्या यादीत नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा आणि देश, एवढेच. १८९३ पासून रकाने वाढले. १९०७ च्या कायद्यानंतर एक अनमोल रकाना आला : मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि पत्ता. वंशावळीसाठी हा रकाना म्हणजे दुवा, कारण बापाचे नाव आणि गाव एकाच ओळीत मिळण्याची सोय त्यात झाली. १९०६ च्या नागरिकत्व कायद्याने देशभर एकच नमुना आणला. त्यात जन्मतारीख, जन्मस्थान, जहाजाचे नाव, बायको आणि मुले असे सगळे आले. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीची नोंदणी नागरिक नसलेल्यांनाही चुकली नाही. १२ सप्टेंबर १९१८ च्या फेरीत १८ ते ४५ वर्षांच्या पुरुषांची कार्डे भरली गेली आणि त्यांतही जवळच्या नातेवाइकाचा पत्ता विचारला होता. दर दहा वर्षांची जनगणना आहे आणि तिची मूळ पाने ७२ वर्षांनी खुली होतात. काही दप्तरे मात्र कायमची गेली. १८९० च्या जनगणनेची बहुतेक पाने १९२१ च्या आगीच्या तडाख्यात नष्ट झाली. १८९७ मध्ये एलिस बेटावरचे लाकडी ठाणे जळाले. त्या आधीच्या उतारूंच्या याद्या कस्टम खात्याच्या प्रती म्हणून वेगळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

मराठी माणसाच्या बाजूने एक गोष्ट आहे. आपले नाव तीन भागांचे : स्वतःचे, बापाचे, आडनाव. अमेरिकी नमुन्यात मधल्या नावाला जागा असते आणि तिथे बापाचे नाव आपोआप जाऊन बसते. 'पी. एस. खानखोजे' यातला 'एस' सदाशिव, 'एस. एल. गोखले' यातला 'एल' लक्ष्मण. वर्गणीच्या यादीत किंवा कॉलेजच्या पटावर एवढे एक अक्षर टिकले, तरी दोन गोखल्यांमधला फरक करता येतो. विवाहित बाईच्या बाबतीत त्याच जागी नवऱ्याचे नाव येते आणि माहेरची ओळ तिथेच तुटते.

माहेरची ओळ कशी दुसरीकडे वळते, याचे पहिले आणि सर्वांत हृद्य उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचे नाव यमुना, माहेर कल्याणच्या जोश्यांचे, नवरा गोपाळराव जोशी मूळ संगमनेरचा. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यात त्या वारल्या.

त्यांच्या हयातीतला एक कागद जवळून पाहण्यासारखा आहे. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेच्या छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत : आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या इस्लामबूली. हे छायाचित्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. खाली नावे आणि गावे आहेत. आनंदीबाईंचे आडनाव 'जोशी'च्या शेवटी दोन 'ई' लावून लिहिले आहे आणि गाव म्हणून कल्याण नाही, पुणे नाही, तर बंगालमधल्या सेरामपूरचे बिघडलेले रूप आहे. अमेरिकेला जाण्याआधी गोपाळरावांची टपाल खात्यातली नोकरी सेरामपूरला होती आणि आनंदीबाई तिथूनच कलकत्त्यामार्गे निघाल्या होत्या. म्हणजे कागद खोटा नाही, फक्त तो शेवटचा मुक्काम सांगतो, मूळ सांगत नाही. एवढ्या एका ओळीवर विसंबणारा संशोधक बंगालमध्ये जोशी शोधत बसला असता. परदेशच्या कागदात 'कुठून आला' या प्रश्नाचे उत्तर बहुधा निघाल्याचे ठिकाण असते, कुळाचे गाव नव्हे. हा धडा पुढच्या प्रत्येक माणसाला लावायचा.

आनंदीबाईंचे एकुलते मूल लहानपणीच गेले होते. रक्ताची ओळ तिथे संपली. तरीही अमेरिकेत त्यांची जागा आहे. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले होते आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर बाईंच्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत आणि वर नावाचा दगड आहे. एका अमेरिकी घराण्याच्या कुटुंबजागेत कल्याणच्या लेकीचे नाव कोरले गेले. वंशावळीच्या नियमाने ती नोंद कुठे बसत नाही, पण नाते दगडावर कोरण्याइतके खरे मानले गेले होते. अशी नोंद टाकून देणारी वंशावळ अपुरी म्हणावी लागेल.

खानखोज्यांचा माग याहून अवघड, कारण हा माणूस मुद्दाम माग पुसत गेला. जन्म ७ नोव्हेंबरचा, वर्ध्यातला. वर्ष मात्र छापील साहित्यात कुठे १८८३, कुठे १८८४ असे येते. इथे एक साधे गणित लक्षात ठेवावे. १९१० ची अमेरिकी जनगणना १५ एप्रिलच्या दिवसाची होती. नोव्हेंबर १८८३ मध्ये जन्मलेला माणूस त्या दिवशी २६ वर्षे पुरी केलेला असणार. १९१० मधून २६ वजा केले की १८८४ येते. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या प्रत्येकाचे जन्मवर्ष वयावरून काढले की असे एकाने पुढे सरकते. खानखोज्यांच्या बाबतीत फरक याच कारणाने पडला असा निष्कर्ष मी काढत नाही. एका वर्षाच्या फरकावरून दोन माणसे मानू नयेत, एवढाच याचा अर्थ. नक्की ठरवायचे तर घटनेच्या सर्वांत जवळचा कागद, म्हणजे शाळेचे दाखल-खारीज किंवा जन्माची नोंद, श्रेष्ठ मानायचा.

वर्ध्यात प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण, पुढे नागपूर, लोकमान्य टिळकांच्या राजकारणाची ओढ, मग जपानमार्गे कॅलिफोर्निया. तिथे सॅन राफेलच्या टॅमलपाइस लष्करी शाळेत शिक्षण, ऑरेगॉनच्या कॉर्व्हॅलिसमध्ये शेतीचा अभ्यास, आणि १९१३ मध्ये पुलमनच्या वॉशिंग्टन राज्य महाविद्यालयाची पदवी. त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावर सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, पंडित काशीराम यांनी जी संघटना उभी केली आणि जिच्या 'गदर' पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ ला निघाला, तिच्या संस्थापकांत खानखोजे होते. पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही अमेरिकेतून याच चळवळीत आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फासावर गेले. पिंगळ्यांची ओळ तिथे संपली. खानखोजे युरोपमार्गे तुर्कस्तान आणि इराणात गेले. ब्रिटिश फौजांविरुद्ध लढताना ते तिथे मुसलमानी नावाने वावरले. युद्धानंतर बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को, आणि १९२४ मध्ये मेक्सिको.

कागदाच्या दृष्टीने या आयुष्याचे दोन भाग पडतात. १९१४ पर्यंत तो विद्यार्थी आहे, नाव खरे आहे, कॉलेजच्या पटावर आहे. पुढची दहा वर्षे त्याचा माग मुख्यतः त्याच्या शत्रूंच्या दप्तरात आणि त्याच्या स्वतःच्या आठवणींत मिळतो. गुप्तचराची नोंद त्याच काळातली असते, पण ऐकीव असते. आठवण प्रत्यक्ष असते, पण उशिरा सांगितलेली असते. दोन्हींत एकच ठिकाण आणि एकच काळ आला, तरच ती गोष्ट पक्की धरायची. कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत लिहिलेली चरित्रे या कामाला मोठा आधार देतात.

१९२४ नंतर कागद पुन्हा उजेडात येतो. मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या संकरावर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्ये जे चित्र काढले, त्यात टेबलाशी बसून पाव मोडणारा माणूस खानखोजे असल्याचे सांगितले जाते. १९३६ मध्ये बेल्जियमच्या जेन सिंडिक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. १९५५ मध्ये ते भारतात परतून नागपूरला राहिले आणि २२ जानेवारी १९६७ ला तिथेच वारले. अमेरिकेत शिकलेल्या वर्धेकराची फांदी अखेर मेक्सिकोत फुटली. तेव्हा त्याचा वंश फक्त अमेरिकेच्या दप्तरात शोधला तर हाती येणारे उत्तर चुकीचे निघेल.

ही फांदी अमेरिकेत का फुटली नाही, याचे कारण एका माणसाच्या भटकंतीत शोधून भागत नाही. त्याचे उत्तर कायद्यात आहे. ५ फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने भारतातून मजूर म्हणून येणे बंद केले, फक्त विद्यार्थी आणि काही व्यावसायिकांना मुभा राहिली. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवले की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. थिंड यांची बाजू मांडणारे लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरच पुढे तसा दावा आला.

पंडितांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते आणि १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकी बाईंशी लग्न केले. २२ सप्टेंबर १९२२ च्या केबल कायद्याप्रमाणे नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचेही नागरिकत्व जात होते. पंडितांनी न्यायालयात सांगितले की सरकारच्याच निर्णयावर विसंबून मी माझे आयुष्य उभे केले, आता तो निर्णय फिरवला तर माझा धंदा जाईल आणि माझी बायको देशाविना राहील. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकायला नकार दिला. स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरचा तसाच दावा १९२८ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला. आज आपल्याला पंडितांच्या लग्नाचे वर्ष आणि बायकोची अडचण ठाऊक आहे, ती एका दाव्यामुळे. सरकारने जे काढून घेण्यासाठी लिहिले, तेच घराण्याच्या इतिहासाचे साधन झाले. इथे सावधगिरीही हवी : तीन भागांचे नाव गुजराती घरांतही असते. 'सखाराम गणेश पंडित' एवढ्या नावावरून कूळ मराठी ठरवता येत नाही, त्याला घरचा कागद लागेल.

आकडेही हेच सांगतात. १९१० च्या अमेरिकी जनगणनेत २,५४५ भारतीय मोजले गेले, १९३० मध्ये ३,१३० आणि १९४० मध्ये २,४०५. वीस वर्षांत वाढ जेमतेम आणि पुढच्या दहा वर्षांत घट. त्यांत पंजाबी शेतमजूर बहुसंख्य, मराठी माणसे तुरळक आणि बहुतेक विद्यार्थी. कॅलिफोर्नियातल्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. कॅरन लिओनार्ड यांनी १९९२ च्या ग्रंथात ती कुटुंबे विवाहनोंदी आणि जन्मदाखल्यांवरून उलगडली, म्हणून तिथे आज पंजाबी-मेक्सिकन घराण्यांच्या वंशावळी मांडता येतात. मराठी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण शिक्षण संपवून परतले. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलहून आणि भीमराव आंबेडकर कोलंबियाहून परतले. त्यांची अमेरिकेतली नोंद विद्यापीठाच्या पटावर आहे, तिथल्या घराण्यांत नाही. २ जुलै १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले, पण नव्याने येणाऱ्यांसाठी कोटा वर्षाला फक्त १०० जणांचा होता. ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्यानंतर खऱ्या अर्थाने मराठी कुटुंबे तिकडे वसली.

म्हणजे विदर्भातल्या घरांचा अमेरिकी वंशवृक्ष मुख्यतः गेल्या साठ वर्षांचा आहे, आणि त्याची पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे कागद अजून इथल्या कपाटांत आहेत : निळी हवाई पत्रे, प्रवेशाची पत्रे, लग्नाची पत्रिका, पहिल्या मुलाच्या जन्माची तार. ते रद्दीत जाण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक माणसाचे नाव तिन्ही भागांसह लिहावे आणि तिकडे ते ज्या स्पेलिंगने लिहिले जाते तेही शेजारी द्यावे. गाव तालुका-जिल्ह्यासह लिहावे, नुसते 'पिपरी' नव्हे तर 'पिपरी (मेघे), तालुका व जिल्हा वर्धा'. आणि प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून आहे की कोणाच्या सांगण्यावरून, हे नमूद करावे.

चौथी गोष्ट जुन्या पिढीसाठी. आपल्या वंशावळींत वारस नसलेल्या माणसापुढे 'निर्वंश' असे लिहून ओळ बंद करण्याची पद्धत आहे. १९४६ च्या आधी अमेरिकेला गेलेल्या माणसापुढे हा शब्द लिहिण्याची वेळ आली, तर शेजारी १९१७ चा कायदा आणि १९२३ चा निकालही लिहावा. त्या माणसाने घर मांडले नाही असे पुढच्या पिढीने समजू नये. अनेकांना ते मांडू दिले गेले नाही, आणि ही गोष्ट त्या घराण्याच्या इतिहासाचा भाग आहे.